इलेक्ट्रिक वाहनाची बॅटरी उबदार ठेवण्याचे घरगुती उपाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की ठाणे आणि नवी मुंबईतील वाहनधारकांकडून हे प्रश्न येऊ लागतात. काहींना पहाटे रेंज कमी दिसते, काहींना गाडी हिमालयात न्यायची असते, तर काहींनी जुन्या गाडीला इलेक्ट्रिक किट बसवलेले असते आणि आता त्यात हीटिंग पॅड घालावा असे त्यांच्या मनात असते. तेच तेच प्रश्न एकत्र करून खाली उत्तरे दिली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला बॅटरी गरम करण्याची गरज आहे का?

नाही. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्यासाठी बहुतेक सेल-उत्पादक ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा देतात. मुंबईत सांताक्रूझ येथे नोंदले गेलेले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश आहे आणि ते २२ जानेवारी १९६२ चे आहे. म्हणजे इतक्या वर्षांतील सर्वांत थंड पहाटसुद्धा चार्जिंगच्या खालच्या मर्यादेच्या वरच होती. येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या टेकड्यांलगत पारा शहरापेक्षा थोडा खाली जातो, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही. आपल्याकडे बॅटरीला त्रास होतो तो एप्रिल-मेच्या दुपारी, उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीत. त्यामुळे स्थानिक वापरासाठी हीटरवर खर्च करण्याऐवजी सावलीची जागा शोधावी.

२. मग जानेवारीत पहाटे रेंज कमी का दिसते?

त्याची तीन कारणे असतात आणि बॅटरी त्यांपैकी एकच आहे. तापमान उतरले की सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि थोडी ऊर्जा आतच खर्च होते. १५-१६ अंशांना हा परिणाम सौम्य असतो. दुसरे कारण हवा. ३० अंशांच्या तुलनेत १५ अंशांची हवा सुमारे पाच टक्के अधिक घन असते आणि पूर्व द्रुतगती मार्गावर किंवा पाम बीच मार्गावर वेगात जाताना तिचा विरोध जाणवतो. तिसरे आणि सर्वाधिक दुर्लक्षित कारण टायर. तेवढ्याच फरकाने कारच्या टायरमधील दाब दोन ते अडीच पीएसआयने घटतो. टायर थंड असताना हवा तपासून घेतली, तर या हंगामातील निम्म्या तक्रारी मिटतील असे आमचे मत आहे.

३. थंडीने बॅटरीचे नेमके काय बिघडते? नुकसान कायमचे असते का?

गाडी चालवणे आणि ती चार्ज करणे या दोन गोष्टी इथे वेगळ्या मानाव्या लागतात. थंडीत सेलमधील इलेक्ट्रोलाइट दाट होतो, लिथियमच्या आयनांची हालचाल मंदावते, गाडीचा जोर कमी होतो आणि रेंज घटते. पण बॅटरी पुन्हा उबदार झाली की हे सारे पूर्ववत होते. म्हणूनच डिस्चार्जची खालची मर्यादा अनेक सेलसाठी उणे २० अंशांपर्यंत दिलेली असते.

चार्जिंगचे तसे नाही. शून्याखाली चार्ज करताना आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये पुरेशा वेगाने शिरू शकत नाहीत आणि त्यांचा काही भाग ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतो. हे साचलेले लिथियम पुष्कळसे कायमचे वाया जाते, म्हणजे क्षमता कायमची घटते. त्यातून सुईसारखे उंचवटे वाढून सेलचे दोन ध्रुव वेगळे ठेवणाऱ्या आतील पडद्याला भोक पडल्यास सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. हे नुकसान त्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही, आणि नंतर भरूनही येत नाही. उबदार ठेवण्याचे सगळे प्रयत्न त्यामुळे प्रामुख्याने चार्जिंगपुरते असावेत. केवळ चालवण्यासाठी हीटरचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

४. एलएफपी आणि एनएमसी बॅटरीत थंडीच्या दृष्टीने फरक आहे का?

आहे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) हे लिथियम-आयन बॅटरीचेच दोन प्रकार. त्यांपैकी एलएफपी सेल थंडीत अधिक सुस्तावतात. शिवाय त्यांचा व्होल्टेज बराच काळ जवळपास स्थिर राहत असल्याने उरलेल्या टक्केवारीचा अंदाज थंडीत अधिक चुकतो आणि दहा टक्के दाखवणारी गाडी अचानक थांबू शकते. शून्याखाली चार्ज न करण्याचा नियम मात्र दोन्ही प्रकारांना लागू आहे.

५. गाडी मनाली, स्पिती किंवा लेहला न्यायची आहे. निघण्यापूर्वी हीटर बसवून घ्यावा का?

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर नको. लेह शहरात त्या दिवसांत रात्रीही पारा सहसा शून्याच्या बराच वर असतो. सर्चू किंवा पांगसारख्या उंचावरील मुक्कामांनाच खरी थंडी लागते. हिवाळ्याची गोष्ट वेगळी. लेहमध्ये जानेवारीत रात्रीचे तापमान उणे १० च्याही खाली जाते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून सिस्सूला ऐन हिवाळ्यातही दिवसभराची फेरी मारता येते, आणि रोहतांगपलीकडची ही थंडी कोकणातून गेलेल्या गाडीने कधी पाहिलेली नसते.

द्रवाच्या साहाय्याने तापमान राखणारी कार असल्यास निर्मात्याची यंत्रणा हेच काम करते. तिला फक्त वीज मिळत राहिली पाहिजे. बॅटरी गरम करण्याची सोय आपल्या मॉडेलमध्ये आहे का, हे पुस्तिकेत पाहावे, कारण बॅटरी थंड ठेवण्याची सोय असलेल्या प्रत्येक गाडीत ती गरम करण्याची सोय असतेच असे नाही. मुक्कामी पोहोचताच, बॅटरी प्रवासाने उबदार असतानाच, चार्जिंग सुरू करावे. हॉटेलमध्ये आधी जेवण, मग आंघोळ आणि शेवटी गाडी, हा क्रम तिथे महागात पडतो. रात्री २५-३० टक्क्यांपेक्षा कमी चार्ज ठेवून गाडी उभी करू नये, म्हणजे चार्जर मिळाला नाही तरी सकाळी प्रश्न १५ मधील उपाय करता येतो.

६. बॅटरी गरम करायला किती उष्णता लागते? १०० वॉटचा पिवळा दिवा पुरेल का?

हा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर मांडावा, कारण त्यातून पुढची बरीच उत्तरे आपोआप मिळतात. एक किलो बॅटरीचे तापमान एक अंशाने वाढवण्यास ढोबळमानाने एक किलोज्यूल ऊर्जा लागते. स्कूटरचा २५ किलोचा पॅक (अनेक सेल जोडून बनलेली पूर्ण बॅटरी) उणे ५ वरून १० अंशांवर, म्हणजे १५ अंशांनी वर आणायचा असेल, तर २५ गुणिले १५ म्हणजे ३७५ किलोज्यूल, अर्थात सुमारे १०४ वॉट-तास लागतात. उष्णता अजिबात वाया गेली नाही, तर १०० वॉटच्या हीटरला एक तास पुरेल. उघड्यावर, वाऱ्यात, बरीचशी उष्णता हवेत जाईल आणि वेळ त्याच्या कितीतरी पट होईल.

आता कारचा २५० किलोचा पॅक घ्या. तेवढ्याच वाढीसाठी एक किलोवॉट-तासाहून थोडी अधिक ऊर्जा लागते, म्हणजे १०० वॉटचा दिवा दहा तासांहून अधिक काळ पेटता ठेवावा लागेल, आणि तेही वाया जाणारी उष्णता शून्य धरून. प्रत्यक्षात दिव्याची उष्णता आणि थंड हवेत जाणारी उष्णता यांची मध्येच कुठेतरी बरोबरी होते आणि पारा तिथेच अडतो. कारखाली दिवा ठेवून रात्र काढणाऱ्याच्या पदरी वीजबिलापलीकडे फारसे काही पडत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक उपयोगी आहे. जड पॅक जसा सावकाश तापतो, तसाच तो सावकाश थंडही होतो. संध्याकाळी २५ अंशांवर असलेली कारची बॅटरी शून्यावर यायला कित्येक तास लागतात, आणि या मधल्या काळात चार्जिंग उरकता येते. ही फुकटची उष्णता वापरण्यासारखा स्वस्त हीटर बाजारात नाही. स्कूटरचा पॅक लहान असल्याने त्याला मिळणारी सवड कमी असते.

७. हेअर ड्रायर, गरम पाण्याची पिशवी, गोधडी यांपैकी काय चालेल?

हेअर ड्रायर वापरू नये. तो बाहेरच्या आवरणाचा हातभर भाग झपाट्याने तापवतो आणि आतील सेल थंडच राहतात. बीएमएसचे (बॅटरीवर लक्ष ठेवून चार्जिंग चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे) तापमान-सेन्सर पॅकमध्ये मोजक्याच ठिकाणी असतात. त्यांतील एखादा तापलेल्या भागाजवळ असेल तर संपूर्ण पॅक उबदार झाल्याचा गैरसमज होतो आणि थंड सेल चार्ज होऊ लागतात.

रबरी गरम पाण्याची पिशवी काढता येणाऱ्या पॅकसाठी त्यामानाने सौम्य उपाय आहे. पाणी हाताला सोसवेल इतकेच गरम असावे, पिशवी कापडात गुंडाळलेली असावी आणि कनेक्टरपासून दूर, पॅकच्या सपाट बाजूला ठेवावी. गळकी पिशवी आणि उघडे टर्मिनल एकत्र आले तर काय होईल, हे सांगायला नको.

गोधडी स्वतः उष्णता देत नाही. आहे ती टिकवते. म्हणून ती गाडी चालवून आल्यावर लगेच घालावी. सकाळी गारठलेल्या बॅटरीवर घातलेली गोधडी तिला थंडच ठेवते. चार्जिंग चालू असताना पॅक आणि चार्जर झाकू नयेत, कारण चार्जरला हवा लागते.

८. हिमालयात ट्रकचालक डिझेलच्या टाकीखाली शेकोटी किंवा स्टोव्ह पेटवतात. तसे बॅटरीला करता येईल का?

कोणत्याही परिस्थितीत नाही. त्या चालकांना गोठलेले डिझेल पातळ करायचे असते आणि तिथेही तो जिवावरचा खेळ असतो. लिथियम सेलमधील पॉलिएथिलीनचा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो, आणि ज्योतीचे तापमान त्याच्या कितीतरी पट असते. पडदा वितळल्यावर आतून सुरू होणारी आग ज्योत विझवली तरी थांबत नाही.

९. इलेक्ट्रिक किट बसवलेल्या जुन्या गाडीत स्वतः हीटिंग पॅड लावायचा आहे. योग्य पद्धत कोणती?

पॅड, थर्मोस्टॅट आणि तारा लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतात, आणि सामान सहज मिळते म्हणून काम सोपे वाटते. हे काम किट बसवणाऱ्या अधिकृत तंत्रज्ञाकडून करून घ्यावे. किटची बॅटरी ७२ किंवा ९६ व्होल्टची असेल तर तिचा डीसी धक्का प्राणघातक ठरू शकतो. तरीही काम कसे झाले पाहिजे हे मालकाला ठाऊक असावे, म्हणजे तंत्रज्ञाला योग्य प्रश्न विचारता येतील.

सिलिकॉनचा पॅड थेट सेलवर चिकटवू नये. मध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा असावा, म्हणजे उष्णता पसरते आणि एकच सेल भाजून निघत नाही. पत्रा आणि सेल यांच्यामध्ये विद्युतरोधक थर असावा. वॉट कमी ठेवावेत; दोन-तीन तासांत सावकाश दहा-पंधरा अंशांची वाढ झाली तरी पुष्कळ आहे. शक्य असल्यास पीटीसी प्रकारचा हीटर घ्यावा, कारण तापत गेल्यावर त्याचा रोध वाढतो आणि तो स्वतःच वीज कमी घेतो.

थर्मोस्टॅटचा सेन्सर पॅडला न लावता सेलच्या बाजूला लावावा. हीटर ५ अंशांना सुरू आणि १२ अंशांना बंद, अशी मांडणी पुरेशी आहे. २५-३० अंशांचा अट्टहास निरर्थक आहे. इथे नेहमी राहून जाणारी बाब अशी, की बाजारातील स्वस्त डिजिटल थर्मोस्टॅटचा रिले बिघडतो तेव्हा त्याचे संपर्क अनेकदा चिकटून बसतात आणि हीटर चालूच राहतो. म्हणून थर्मोस्टॅटवर अवलंबून नसलेला दुसरा अडसर हवाच. पत्र्याला घट्ट टेकवलेला, ६०-७० अंशांच्या दरम्यान तुटणारा थर्मल फ्यूज हीटरच्या तारेत सलग जोडावा. काही रुपयांचा हा तुकडा नसेल, तर त्या गाडीत हीटर नसलेलाच बरा.

स्विच, रिले आणि फ्यूज डीसीसाठी बनवलेले असावेत. घरातील एसी स्विच डीसी ठिणगी विझवू शकत नाही आणि जळतो. आधी गरम करणे, मग चार्जिंग, हा क्रम शक्यतो यंत्रणेनेच पाळावा. माणसाच्या आठवणीवर तो सोडू नये.

१०. हीटरला वीज कुठून द्यावी?

भिंतीवरील २३० व्होल्ट थेट पॅकमध्ये नेण्यापेक्षा विलग केलेल्या २४ व्होल्टच्या सप्लायवर चालणारा हीटर बरा, आणि भिंतीच्या बाजूला ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. चार्जर उपलब्ध नसताना पॅकमधूनच वीज घेता येते, कारण शून्याखाली डिस्चार्ज चालतो (प्रश्न ३). मात्र ती संपूर्ण पॅकच्या दोन टोकांवरून, बीएमएसमार्गे आणि फ्यूज लावून घ्यावी. १२ व्होल्ट हवेत म्हणून मालिकेतील तीन-चार सेलवरून तार काढणे ही अगदी सर्रास दिसणारी पद्धत आहे. त्यामुळे तेवढेच सेल रिकामे होत जातात, संतुलन बिघडते आणि अखेरीस पूर्ण पॅक त्या कमकुवत सेलपाशी अडतो.

११. पॅकभोवती थर्माकोल लावले तर?

थर्माकोल आणि पॅकिंगचा पांढरा फोम उष्णता उत्तम राखतात, पण पेटही सहज घेतात. आवरण घालायचेच असेल तर ज्वालारोधक असल्याची खात्री करून घ्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे आवरण सहलीपुरतेच असावे. हिमालयासाठी घातलेले आवरण तसेच ठेवून मे महिन्यात घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत गाडी चालवल्यास बॅटरीची उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. निर्मात्याने हवेसाठी ठेवलेली जागा तर कधीच बुजवू नये.

१२. काढता येणारा पॅक थंडीतून खोलीत आणला. लगेच चार्जिंगला लावू का?

नको. खोलीतील दमट हवा गार पॅकला लागली की त्यावर दव धरते, आणि ते कनेक्टरच्या पिनांवरही धरते. शिवाय आवरण कोमट लागले तरी आतील सेल थंडच असतात. दोन-तीन तास पॅक तसाच ठेवावा, पिना कोरड्या पुसाव्यात आणि मग चार्जर लावावा. पॅक खोलीच्या दारात किंवा पलंगाखाली ठेवून चार्ज करू नये. काही झालेच तर बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी.

१३. ई-रिक्षाची लेड-ॲसिड बॅटरी आणि कारमधली १२ व्होल्टची छोटी बॅटरी यांना हेच नियम लागू आहेत का?

नाही. लेड-ॲसिड बॅटरी शून्याखाली चार्ज करण्यास लिथियमसारखी मनाई नसते, पण ती रिकामी असेल तर आतील आम्ल पाण्यासारखे पातळ झालेले असते आणि ते उणे दहाच्या आसपास गोठून पेटी फुटू शकते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी याहून कितीतरी अधिक थंडी सोसते. त्यामुळे तिला भरलेली ठेवणे हाच तिचा हीटर.

चार्ज होताना ही बॅटरी हायड्रोजन सोडते. तिला पेटीत बंद करून आत दिवा किंवा ठिणगी पाडणारा थर्मोस्टॅट ठेवणे म्हणजे स्फोटाची तयारी आहे. कारमधली छोटी बॅटरीही बहुधा याच प्रकारची असते, आणि ती बसली तर मोठी बॅटरी ऐंशी टक्के असूनही गाडी सुरू होत नाही. थंड प्रदेशात जाण्यापूर्वी ती तपासून घ्यावी.

१४. वॉरंटी, विमा आणि आरटीओ यांचे काय?

पॅक उघडला की वॉरंटी गेली असे समजावे. दुचाकी-तिचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ आणि कारसाठी एआयएस-०३८ ही सुरक्षामानके आहेत (एआयएस म्हणजे भारतातील वाहनउद्योगाची मानके). त्यांतील कठोर केलेल्या तरतुदी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्या चाचण्या उत्तीर्ण झालेला पॅक आपण उघडून त्यात हीटर घातला, तर ती मान्यता त्या बदललेल्या पॅकची राहत नाही. नंतर बसवलेल्या किटसाठी एआयएस-१२३ लागू आहे. वाहनात फेरफार करण्याबाबतची तरतूद मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे, त्यामुळे गाडी एमएच-०४ ची असो की एमएच-४३ ची, कायमस्वरूपी जोडणी करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी विचारावे. गोधडी, पाण्याची पिशवी यांसारख्या काढता येणाऱ्या गोष्टी या कक्षेत येत नाहीत.

१५. उणे तापमानात गाडी उभी आहे, बीएमएस चार्जिंग घेऊ देत नाही. हीटरही नाही. काय करावे?

बॅटरीत चार्ज शिल्लक असेल तर गाडी सावकाश चालवावी. सेलमधून प्रवाह वाहताना अंतर्गत रोधामुळे आतूनच उष्णता निर्माण होते, आणि बाहेरच्या कोणत्याही हीटरपेक्षा ती अधिक समान पसरते. चार्जरपाशी थांबून राहण्यापेक्षा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फेऱ्या मारून परत यावे. चार्ज अगदीच कमी असेल तर गाडी उन्हात उभी करून दुपारची वाट पाहावी. काही गाड्या प्लग जोडला की आधी बॅटरी गरम करतात आणि मगच चार्जिंग सुरू करतात. अशा वेळी पहिला काही वेळ टक्केवारी हलली नाही म्हणून प्लग काढू नये.

१६. सेन्सरजवळ थोडी उष्णता दिली किंवा सेन्सरऐवजी रोधक जोडला, तर बीएमएस चार्जिंग सुरू करते असे ऐकले. खरे आहे का?

होते खरे, आणि म्हणूनच हा या यादीतला सर्वांत धोकादायक उपाय आहे. यात बॅटरी गरम होत नाही, फक्त ती गरम असल्याची खोटी वर्दी दिली जाते, आणि प्रश्न ३ मध्ये सांगितलेले धातूचे साचणे नेमके त्याच क्षणी सुरू होते. रोधक तसाच राहिला तर मे महिन्यात पॅक प्रमाणाबाहेर तापल्याचेही बीएमएसला कळणार नाही. आधीच्या मालकाने किंवा गॅरेजवाल्याने असे केल्याचा संशय असेल, तर ॲपमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरच्या उपकरणावर तापमान पाहावे. सकाळी आणि भर दुपारी, चालवण्यापूर्वी आणि चालवल्यानंतर एकच आकडा दिसत असेल तर सेन्सर खरा नाही. अशा पॅकचे चार्जिंग थांबवावे, गाडी इमारतीपासून दूर उभी करावी आणि प्रत्येक सेलगटाचा व्होल्टेज व क्षमता तपासून घ्यावी. पॅक फुगलेला असेल, गोडसर उग्र वास येत असेल किंवा फुसफुस ऐकू येत असेल, तर तो हलवण्याच्या भानगडीत न पडता लोकांना दूर करून १०१ किंवा ११२ वर कळवावे आणि आग लिथियम बॅटरीची आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण ती विझवण्यास भरपूर पाणी लागते आणि विझल्यासारखी दिसल्यावरही ती काही तासांनी पुन्हा पेटू शकते.